वीटभट्टीचं प्रकरण

"सर, वीटभट्टीचं प्रकरण तेवढं काढून टाका. बाकी पुस्तक झकास झालंय," कर्नलचा मुलगा म्हणाला आणि त्याने लेखकाच्या टेबलासमोर बसकण मारली. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांपैकी एकाने आतून कडी घातली.

लेखकाने आयुष्यभर युद्धंच लिहिली होती. त्याच्या कादंबऱ्यांत दर चार पानांना कोणीतरी पडायचं, आणि पडताना काहीतरी बाणेदार बोलून जायचं. वाचक त्यावर फिदा होते. खुद्द लेखकाने मात्र बंदूक कधी हातात धरली नव्हती. देशात यादवी पेटली तेव्हा तो पाळण्यात होता. चहा देताना बायको विचारायची, "आज किती गारद केलेत?" तो म्हणायचा, "आज तह आहे. साखर जरा सढळ घाल."

कर्नलचं चरित्र लिहायची गळ कर्नलच्याच घरच्यांनी घातली होती. यादवीत पूल राखणारा वीर म्हणून कर्नलचा चौकात पुतळा होता. पण माहिती गोळा करताना लेखकाला एक म्हातारा गवंडी भेटला. तो बंडखोरांकडून लढलेला, पुलावर पकडला गेलेला. त्याने सांगितलं, शरण येऊन हात वर केलेल्या पोरांना कर्नलने वीटभट्टीच्या भिंतीशी उभं केलं, टेलिफोनच्या तारेने हात बांधवले आणि स्वतःच्या पिस्तुलाने एकेकाला उडवलं. गवंडी प्रेतांखाली पडून वाचला होता. सदरा उतरवून त्याने खांद्यातला खड्डा दाखवला होता. लेखकाने ते प्रकरण जीव ओतून लिहिलं. त्यात बंदी ताठ मानेने, शब्दही न बोलता मेले होते.

"इतिहास तुमच्या वडिलांच्या एकट्याच्या मालकीचा नाही," लेखक आता म्हणाला. वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं.

कर्नलच्या मुलाने नुसती मान हलवली. एकाने लेखकाची मानगूट धरून तोंड टेबलावर दाबलं. दुसऱ्याने त्याचा उजवा हात उघड्या खणात घातला आणि खणावर लाथ मारली.

हाड मोडताना काडकन आवाज होतो असं लेखकाने कितीदा लिहिलं होतं. तसा आवाज झाला नाही. ओल्या फांदीवर पाय पडावा तसा झाला. खण पुन्हा ओढला गेला, पुन्हा लाथ बसली. नाकातलं रक्त टेबलावर पसरत होतं आणि कोणीतरी गुरासारखं ओरडत होतं. तो आपणच आहोत हे त्याला उशिरा कळलं.

"हे घ्या! हे कागद घ्या!"

"दुसरी प्रत?"

"माझ्याकडे नाही! बायकोकडे आहे. तिने टाईप केलीय. तिला विचारा, मला सोडा!"

बायको स्वयंपाकघरात होती. तिला केसांना धरून बाहेर आणलं. "माझ्याकडे काही नाही," ती म्हणाली. कानशिलावर असा तडाखा बसला की ती भिंतीवर आदळली. मग तिने कपाटाकडे बोट केलं. मोरीत कागद जाळून, राखेवर पाणी ओतून ते निघून गेले.

इस्पितळात हाताला प्लास्टर घातलं. बायको शेजारी बसली होती, पण तिच्याकडे बघायची लेखकाची छाती होत नव्हती. तो काहीतरी पुटपुटला.

"अहो, या बाजूने बोला. त्या कानाने ऐकू येत नाही."

"मी तुझं नाव सांगितलं गं."

"ऐकलं मी. तेव्हा दोन्ही कान शाबूत होते."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "तुमच्या पुस्तकांत असा एकसुद्धा माणूस नाही. मला ते नेहमी खटकायचं."

बरं वाटल्यावर तो गवंड्याकडे गेला. म्हातारा लेकीच्या अंगणात भिंतीची पडझड दुरुस्त करत होता. प्लास्टर बघून त्याने विचारलं, "कोणी केलं?" लेखकाने सगळं सांगितलं. बायकोचंही.

गवंड्याने थापी खाली ठेवली.

"साहेब, मी तुम्हाला खोटं नव्हतं सांगितलं. अर्धं सांगितलं होतं." बोटांवरचा चुना तो खरवडू लागला. "कर्नल माझ्यापुढे आला ना, तेव्हा मी म्हटलं, मला नको, याला मारा, यानेच तुमचा माणूस टिपला. शेजारी माझा दोस्त होता. त्याने कोणालाच टिपलं नव्हतं. त्याच्या डोक्यात घातली गोळी, मग मला. तो माझ्या अंगावर कलंडलेला, आम्ही एकदमच पडलो. त्याच्याखाली होतो म्हणून वाचलो."

"तो काही बोलला?"

"आई म्हणाला. भाषण कसलं करतोय? चड्डी ओली झाली होती सगळ्यांची."

"हे लिहू?"

"माझं नाव घालून लिहा. त्याचंही घाला. पुतळा एकट्या कर्नललाच कशाला?"

लेखकाची बोटं पुन्हा वळली नाहीत. तो सांगायचा आणि बायको लिहायची. चांगला कान त्याच्याकडे करून. मान ताठ ठेवून मरणारं कोणी त्या प्रकरणात उरलं नाही. नेहमीच्या प्रकाशकाने हात वर केले, तेव्हा एका आडगावच्या छापखानेवाल्याने पुस्तक काढलं. घरावर दगड आले. बायकोने काचा झाडून खिडकीला पुठ्ठा लावला.

पहिली प्रत घेऊन लेखक गवंड्याकडे गेला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. लेखकाने वीटभट्टीचं प्रकरण मोठ्याने वाचलं, "मला नको, याला मारा," तेसुद्धा, आवाज न उतरवता.

"दोस्ताचं नाव कुठे आलंय?" वाचून झाल्यावर म्हाताऱ्याने विचारलं.

लेखकाने ओळ दाखवली. गवंड्याने चुन्याचा हात धोतराला नीट पुसला, त्या नावावर पालथा ठेवला, आणि लेकीने आणलेला चहा गार झाला तरी तो हात उचलला नाही.