नाकातल्या नळीला पेज चालत नाही

नाक मुरडून झालं असेल तर ऐका. मी अन्नाची नळी बोलतेय. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी दुवा देईल. वाट्याला आल्या त्या शिव्याच.

टाकवे बुद्रुकच्या संदेशला रक्ताचा आजार झाला. पुण्यात स्टेम सेलचं रोपण झालं. औषधांनी त्याचं तोंड आतून सोलून निघालं, घोटभर पाणी उतरेना, म्हणून मला नाकातून थेट पोटात सोडलं. तशीच मी त्याच्याबरोबर घरी आले. अंग आणखी खंगलं असतं तर साध्या जंतूनेही त्याला गाठलं असतं. मला उपटायला त्याने दोनदा हात घातला. उपकाराची जाण ही अशी!

त्याची बायको माधवी मोजून पातळ आहार सोडायची आणि नंतर पाण्याने मला धुवायची. तिचं-माझं जमलं होतं. सासूचं, रतनबाईचं, मात्र माझ्याशी उभं वैर.

"घरात इंद्रायणी तांदळाची कणगी भरलीया, आन् माझ्या लेकाला डब्यातली पावडर? ह्या मेलीपायी?"

एकदा माधवी औषधं आणायला लोणावळ्याला गेली. बाईने लगेच पेज शिजवली, फडक्यातून गाळली, पिचकारीत भरली आणि माझ्यात दाबली. इंद्रायणीचा चिकटपणा मावळात मिरवायला ठीक आहे, माझा मात्र त्याने गळाच धरला.

"जात का न्हाई?" तिने आणखी जोर लावला.

"आये, थांब!" संदेश कळवळला.

त्याला लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं, माधवीही तिथेच धावत आली. डॉक्टर चैतालीने कोमट पाणी मारून पाहिलं. मी मोकळी झाले नाही. शेवटी मला ओढून काढलं, तर रक्ताची धार लागली. ती कशीबशी थांबली.

"रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी आहेत. नवी घालताना पुन्हा रक्त येईल. नाही घातली तर उपासमार," डॉक्टर म्हणाली.

रतनबाई भिंतीला टेकली. "मी भरवत व्हते वो. मारत न्हवते."

संदेशच म्हणाला, "घाला नवी. आये, डोकं धर माझं."

तिने धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही. नवी आत गेली. रक्त थोडकंच आलं.

मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडले आहे. निरोप कुणी दिला नाही, मला नकोही आहे. एवढंच करा, त्या नवीला डॉक्टरने सांगितलंय तेच पाजा.

"माधवे," पिशवी बांधताना रतनबाईचा आवाज आला, "हिला पाणी कसं सोडायचं, मला बी दाव."

हे आधी विचारलं असतं, तर मी अजून त्या नाकात असते.