टाचेवरचा काळा डाग

दर रविवारी सकाळी त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर चपलांचा खच पडायचा. आत तीन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याने भरलेलं पांढरं घमेलं आणि खुर्चीवर कपडे गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं एकेक माणूस. कुणाला महिनोन्महिने झोप नव्हती, कुणाची छाती विनाकारण धडधडायची, कुणाला सकाळी अंथरूण सोडवत नव्हतं. मदतनीस तळपायांना पिवळट लेप चोपडायचे. घंटा वाजली की सगळे पाय एकदम पाण्यात जायचे.

आणि पाणी काळं व्हायचं. शाईसारखं, काळंकुट्ट.

"बघा, डोळे भरून बघा!" मनवैद्य गरजायचे. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. "वात चढला, पित्त जळलं, दुःखाची राख साचली कुठे? तळपायात! आणि डॉक्टर शोधतोय डोक्यात. अरे, घरातला केर जमिनीवर साचतो की छताला?"

लोक खदखदून हसायचे. भावाच्या चौथ्या रविवारी त्याच्याबरोबर पहिल्यांदाच आलेली रंगारीणही हसली. बावीस वर्षं ती कापड रंगवण्याच्या कारखान्यात होती. धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याचे हात थरथरायला लागले, मग बोलणं बंद झालं, आणि एका दुपारी तो गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेला सापडला. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आठ महिन्यांत तो पुन्हा कामाला बसला होता. पण बरा होतोय म्हणजे नक्की काय होतंय, हे तिला कधी दिसलं नव्हतं. आज घमेल्यात दिसत होतं. तिने हात जोडले.

"ताई, पहिल्या रविवारी याच्या दुप्पट काळं होतं," भाऊ कानाशी लागून म्हणाला. "दर वेळी कमी होतंय."

घरी आल्यावर तो मोरीत पाय घासत बसला. टाचेच्या भेगांतला काळा डाग साबणाने हलेना. तिने सहज स्वतःची बोटं त्याच्या टाचेशेजारी धरली. तिच्या नखांच्या कडांनाही तोच काळा. तोच, जरासा जांभळट.

ती स्वयंपाकघरात गेली, अर्धं लिंबू आणलं आणि टाचेवर पिळलं. डाग फिका पडत पडत दिसेनासा झाला.

"हिरडा आणि हिराकस," ती म्हणाली. "आमचा काळा रंग. कारखान्यात हात असेच धुतो आम्ही. लेपात हिरड्याची पूड, पाण्यात हिराकस, लोखंडाचा क्षार, विरघळला की दिसत नाही. एकत्र आले की काळं. लेपात हिरडा कमी घातला की कमी काळं."

"लिंबू पिळून दुःख जातं म्हण की सरळ!"

"थट्टा करू नकोस. गोळ्या घेतोयस ना?"

तो नळ सोडून पाय धुवायला लागला. तिने त्याच्या टेबलावरची स्प्रिंगांची डबी उघडली. खाली गोळ्यांची पाकिटं होती, एकवीस दिवसांच्या गोळ्या शाबूत.

"गोळ्या वाट अडवतात, मनवैद्य म्हणाले. दुःख तळपायाकडे उतरूच देत नाहीत." मग तो चिडला. "तुला माझं बरं होणं बघवत नाही का गं? डॉक्टरने एवढ्या महिन्यांत काय दाखवलं मला?"

त्या आठवड्यात तिने समजावलं, रागावली, एकदा रडलीही. गोळ्या डबीतच राहिल्या. बुधवारपासून त्याचे हात पुन्हा थरथरायला लागले. हा शेवटचा केर निघतोय, असं तो सांगायचा.

पाचव्या रविवारी त्याच्या घमेल्यातलं पाणी स्वच्छ राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"निर्मळ!" मनवैद्य ओरडले. "आता गोळ्या द्या फेकून!"

रंगारीण उठली. तिने पिशवीतली हिरड्याची पुडी काढली आणि चिमूटभर पूड त्या स्वच्छ पाण्यात टाकली. पाणी काळं झालं.

"हे दुःख कोणाचं?" तिने विचारलं.

मागून एक बाई कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, नुसत्या बोटांतून एवढं उतरलं! किती साचलंय बिचारीच्या मनात!"

"बसवा यांना पुढच्या खुर्चीवर," मनवैद्य मायेने म्हणाले.

बावीस वर्षांचं तिच्या हातातलं ज्ञान, आणि तेही त्यांच्याच घमेल्यात पडलं होतं.

भावाने तिच्या हातातली पुडी घेतली. बंद घड्याळ कानाशी धरावं तशी थोडा वेळ नुसती धरून ठेवली. मग शेजारी पुढच्या पाळीसाठी भरून ठेवलेल्या कोऱ्या घमेल्यापाशी गेला. मदतनिसाच्या चमच्याने, हात न लावता, पूड सोडली. काळं. मग दुसरं घमेलं. काळं. तिसरं.

"चमच्याला दुःख नसतं," तो हळूच म्हणाला. मग बहिणीकडे वळून, "म्हणजे माझ्यातून काहीच उतरलं नव्हतं, ताई."

"आज सभागृहात शंका शिरली आहे," मनवैद्यांनी जाहीर केलं. "शंका असली की औषध चालत नाही." निम्मे लोक चपला शोधायला लागले. उरलेले पाय वर घेऊन, पाणी बदलून मिळण्याची वाट बघत बसले.

सोमवारी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "अंगाला तेल चोळा, वेळेवर जेवा, चाला, झोपेची वेळ पाळा. त्याने बरं वाटत असेल तर माझी काही हरकत नाही. वैद्यांचा काढा असेल तर मला आधी दाखवा. पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. कुणी बंद करा म्हणालं, तर ते मला येऊन सांगा." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागणार होते, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नव्हतं.

तिने कारखान्यातून रजा घेतली. आता ती दिवसभर त्याच्या टेबलापाशी बसते. त्याच्यापुढे उघडलेलं घड्याळ तसंच पडलेलं असतं.

"उतरतंय की नाही, मला कसं कळणार?" तो रोज विचारतो.

तिच्याजवळ दाखवायला घमेलं नाही. दुःखाला रंग नसतो. ते जाताना दिसत नाही, आणि जो ते दाखवतो त्याने पाण्यात काय घातलंय हे आधी विचारायला हवं, एवढं तिला ठाऊक आहे. एवढ्याने भावाचे हात थांबत नाहीत, हेही ठाऊक आहे.

"मलाही कळत नाही रे," ती म्हणते, आणि गोळी व पाणी पुढे करते.