खलाशी, नावं माहीत नाहीत

सिंगापूरच्या बुकित बातोक भागातला अकराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट सकाळी साडेसातला रिकामा व्हायचा. मुलगा संकेत तांजोंग पगार भागातल्या बँकेत, सून अनुजा तिच्या ऑफिसात, नात श्रिया शाळेत. मागे उरायचे आबा. म्हणजे धाकू मयेकर, वय अडुसष्ट, मालवणकडचे, उभा जन्म जहाजावर काढलेले. दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोललंच तर ती लिफ्ट, आणि तीही मजल्याचा आकडा सांगून गप्प व्हायची.

म्हणून आबा बाहेर पडू लागले. बस, मग एमआरटीची रेल्वे, आणि थेट दक्षिण किनारा, कारण समुद्र तिकडे होता. चार महिन्यांत तिकडची एकही जुनी तोफ त्यांची वाचायची राहिली नाही. ‘वाचायची’ असंच ते म्हणत. लोक तोफेवर बसून फोटो काढत आणि पुढे जात. आबा शेजारची पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचत, तेव्हा कुठे तोफ बघितल्यासारखं त्यांना वाटे. बावन्नाव्या वर्षी गावच्या साक्षरता वर्गात त्यांनी पाटी हातात धरली होती. इंग्रजी अक्षरं त्याच्याही नंतरची, सुट्टीत गावी येणाऱ्या श्रियाच्या पुस्तकांतून उचललेली. त्यामुळे एका पाटीला त्यांना अर्धा तास लागे. घाई कुठे होती?

"आबा, तुम्ही रोज रोज सेम तोफ बघता? सो बोरिंग लाह!" श्रिया म्हणायची.

"तोफ तीच गो, पण मी रोज दोन शब्द पुढे जातो."

असंच एका मंगळवारी बंदरामागच्या गल्लीत त्यांना एक छोटं म्युझियम सापडलं. जुन्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. दोरखंड, कंदील, होकायंत्रं, आणि दाराशी टेबल मांडून बसलेल्या मिसेस चुआ. त्या निवृत्त शिक्षिका, आता इथं बिनपगारी काम करायच्या. आत दुसरं कुणीही नव्हतं.

मागच्या भिंतीवर एक फोटो होता. धक्क्यावर ओळीनं उभे असलेले दहा-बारा खलाशी, मागे जहाजाची काळी बाजू. आबांनी नेहमीप्रमाणे आधी पाटी वाचली. ‘इंडियन सीमेन, १९६२. नेम्स नॉट नोन.’ मग मान वर केली.

डावीकडून तिसरा राघो होता.

चेहरा पुसट होता, पण शर्ट पुसट नव्हता. चौकडीचा, खिशाची शिवण उसवलेला. तो शर्ट आबांचाच. फोटोवाला येणार म्हटल्यावर राघोनं सकाळी मागून घेतला होता. "दे रे धाकू, आईला पाठवायचा आहे फोटो."

आबा टेबलाशी गेले. जहाजावर शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "त्या माणसाचं नाव मला माहीत आहे. राघो कुबल. त्याच आठवड्यात तो इथं वारला. जहाजाला रंग देताना फळीवरून पडला."

मिसेस चुआ खुर्चीतून उठल्याच. "खरंच, अंकल? अकरा वर्षं हा फोटो इथं आहे. पहिल्यांदा कुणी नाव सांगतंय!" त्यांनी नाव, जहाज, महिना, सगळं लिहून घेतलं. "मी जुन्या नोंदी बघते. जुळलं की पाटी बदलू. गुरुवारी या."

दोन रात्री आबांना धड झोप लागली नाही. नोंद जुळणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

तसंच झालं. गुरुवारी मिसेस चुआंनी कागद पुढे केला. "त्या जहाजावर त्या महिन्यात एकच माणूस गेला, अंकल. बाबाजी कुबल, वय सव्वीस. राघो कुणीच नाही. इतकी वर्षं झाली, नावात गडबड होते. बाबाजीच लिहू ना?"

नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. आबा म्हणाले, "उद्या सांगतो."

बाबाजी हा राघोचा थोरला भाऊ. दोन वर्षं खेटे घालून त्यानं खलाशाचं पुस्तक मिळवलं, आणि ऐन जायच्या वेळी भ्याला. पाण्यावर आपला निभाव लागायचा नाही म्हणाला. पुस्तकाशिवाय जहाजावर पाऊल ठेवता यायचं नाही आणि नवं पुस्तक मिळायला पुन्हा दोन वर्षं. तेव्हा धाकूनंच डोकं चालवलं. "पुस्तक वाया कशाला घालवता? राघोला जाऊ दे की. तोंडं तुमची एकाच साच्यातली, कोण बघतंय!" गावात असं दोघा-तिघांनी केलंही होतं. एकोणीस वर्षांचा राघो बाबाजी होऊन जहाजावर चढला, आणि सिंगापूरच्या धक्क्यावर बाबाजी म्हणूनच मेला. कप्तानानं धाकूला बोलावलं. हा कोण, ओळखतोस? धाकूनं ‘बाबाजी कुबल’ म्हणून सांगितलं आणि कागदावर अंगठा उठवला. दुसऱ्या सकाळी जहाज सुटलं.

गावी खरं सांगितलं असतं तर बाबाजीच्या हातात बेड्या पडल्या असत्या. म्हणून दोघांनी मिळून राघोच्या म्हाताऱ्या आईला सांगितलं, की राघो सिंगापुरात जहाजावरून उतरला आणि तिथंच राहिला. पुढची सतरा वर्षं धाकू सफरीवरून परतला की ती काठी टेकत दारात यायची.

"माझो राघो खंय दिसलो काय रे?"

"नाय गे काकी."

एवढंच. मग ती गेली. बाबाजीही गेला. हे जाणणारा आता जगात एकटा धाकू मयेकर.

संध्याकाळी आबांनी संकेतला सगळं सांगितलं. तो टाय सोडत होता, तो हात तसाच थांबला.

"बाबा, चव्वेचाळीस वर्षं झाली. आता कशाला उकरून काढताय?"

"पाटी बदलायची आहे."

"आणि पुढच्या महिन्यात तुमचा इथं राहायचा पास रिन्यू करायचाय. खोट्या कागदावर सही केली होती, हे इथं लिहून द्यायचं? कुणी विचारलं तर?"

"सही नव्हती ती. अंगठा होता."

"बाबा, प्लीज. नसती भानगड नको." संकेत बोलला ते रागानं नाही, थकून. अनुजानं ताटं घेतली. श्रिया कानात वायर घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला फ्लॅट रिकामा झाला. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

मिसेस चुआंनी सगळं ऐकलं. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग शाळेतल्या बाईंसारख्या सरळ बसून म्हणाल्या, "मी विश्वास ठेवते, अंकल. पण पाटी बदलायला पुरावा लागेल. आहे काही?"

आबा फोटोपाशी गेले. उजव्या कडेला एक माणूस अर्धा कापला गेला होता. एक कान, एक डोळा, अंगात नुसती बनियन. "हा मी. माझा शर्ट त्याच्या अंगात आहे, म्हणून हा असा." मग म्हणाले, "त्या वेळचा साक्षीदारही मीच. खोटा."

मिसेस चुआंनी त्या डोळ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं. "मराठीत लिहा. मी कुणाकडून तरी वाचून घेईन."

आबांना दीड तास लागला. ‘पुस्तक’ शब्दाशी ते थांबले, ‘अंगठा’ शब्दाशी फार वेळ थांबले. शेवटी खाली सही केली, पूर्ण नाव, गावासकट. पेन खाली ठेवल्यावर बोटं आखडली होती.

पुढे तीन आठवडे ते तिकडे फिरकले नाहीत. पासाचे कागद संकेतनं भरले, आबांनी दाखवलेल्या जागी सह्या केल्या. कुणी काही विचारलं नाही. पास आला.

मग ते गेले. नवी पाटी पितळेची नव्हती, साधा छापील कागद होता. आबांनी पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. इंडियन सीमेन, १९६२. डावीकडून तिसरा, राघो कुबल, मालवण, वय एकोणीस. भावाच्या पुस्तकावर आला होता. याच बंदरात वारला. उजव्या कडेचा, धाकू मयेकर. बाकी नेम्स नॉट नोन.

"घरच्यांना घेऊन या एकदा," टेबलामागून मिसेस चुआ म्हणाल्या.

"त्यांना वेळ नसतो हो."

माडीवर पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर ट्रक मागे घेताना टूं टूं वाजत होता. आबांनी पाटी दुसऱ्यांदा वाचली, शेवटच्या टिंबापर्यंत. मग काचेच्या अगदी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "दिसलो गे काकी."

मिसेस चुआंनी मान वर केली. "मला काही म्हणालात, अंकल?"

"नाही, तुम्हाला नाही," आबा म्हणाले आणि छत्री घेऊन जिना उतरू लागले.