मिनिटाची किंमत

गणिताला घाबरणाऱ्या माणसांचा प्रफुल्लला मनापासून राग यायचा. आता आपली स्वतःची मुलगीच त्यांच्यात जाऊन बसणार म्हटल्यावर त्याचं डोकंच फिरलं. एकता विद्यापीठात अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. पुढच्या वर्षाचा मुख्य विषय सोमवारपर्यंत कळवायचा होता. बापाला हवा होता फायनान्स, लेकीला हवं होतं राजकीय अर्थशास्त्र.

"त्यात असतं तरी काय?" शुक्रवारी जेवताना त्यानं विचारलं.

"कोणाच्या गरजेला किती वजन द्यायचं, आणि ते कोण ठरवतं, हे असतं बाबा."

"मग ते अर्थशास्त्र कुठं राहिलं? असल्या भाषणबाजीची फी मी भरणार नाही, सांगून ठेवतो. गणित कधी कोणाची बाजू घेत नाही!"

"ओके लाह," असं इथल्या पोरांच्या बोलीत म्हणून एकता ताट उचलून निघून गेली. त्याची बायको नंदा काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली की आपलं तिला पटलं, असं प्रफुल्लला वाटायचं. इतक्या वर्षांच्या संसारात बिचाऱ्याचा हा गैरसमज काही गेला नव्हता.

पण माणूस हुशार, हे कोणीही कबूल करील. शहराच्या आंग मो किओ भागातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात लाइनवर वेळ वाया जाऊ न देणं, हेच त्याचं काम. म्हणून तर परदेशातल्या या आपल्या लोकांच्या मंडळानं भीमजयंतीच्या जेवणाची व्यवस्था यंदा त्याच्या गळ्यात घातली होती. गेल्या वर्षी जुरोंग ईस्टच्या हॉलमध्ये नुसता विचका झाला होता. निम्मी माणसं रिकामं ताट धरून उभी, आणि तिकडे भात संपलेला!

रविवारी मंडळाची बैठक भरली. प्रफुल्लनं लॅपटॉप लावला आणि घसा साफ केला.

"ज्याचा तासाचा पगार जास्त, त्याचं ताटकळणं महाग. म्हणून त्यांना पहिल्या पंगतीला बसवायचं, उरलेल्यांना दुसऱ्या. असं केलं की सगळ्यांचा मिळून तोटा कमीत कमी होतो. माझ्या मनचं नाही हं, वेळेची किंमत पुस्तकातही अशीच काढतात."

आता, हे खोटं नव्हतं. पुस्तकात खरंच तसं करतात. मॅनेजर, संशोधक मंडळींनी टाळ्या वाजवल्या. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शिपयार्डमधल्या वेल्डर पोरांनीही वाजवल्या, जरा हळू.

वायरी लावायला म्हणून सोबत आलेल्या एकतानं हात वर केला.

"बाबा, आईच्या तासाला किती धरलेत?"

"शून्य. तिला कुठं पगार आहे?"

लोक हसले. नंदा हसली नाही. जयंतीच्या पहाटेपासून चार बायकांना घेऊन अख्ख्या मंडळाचं वरण, भात, भाजी, बुंदी तीच करणार होती.

"म्हणजे ती सगळ्यांच्या शेवटी जेवणार."

"ते मी नाही, मॉडेलनं ठरवलं."

"नाही बाबा, तुम्ही ठरवलंत." तिनं आवाज अजिबात चढवला नाही. "तुमचा हिशेब बिनचूक आहे. मी सगळा तपासला, मला तर इतका सुंदर करता आला नसता. पण माणसाच्या वेळेची किंमत त्याच्या पगारावरून धरायची, हे गणित सांगत नाही. ते आपण आधी ठरवतो आणि मग गणिताला सांगतो. सगळ्यांचा तास सारखा धरा, हाच हिशेब वेगळं उत्तर देईल. तेही बिनचूकच असेल."

प्रफुल्ल पडद्याकडे बघत राहिला. पहिली पंगत. दुसरी पंगत. त्याचे वडील नागपूरकडच्या त्यांच्या गावातल्या लग्नांचं सांगायचे. गाव जेवून उठल्यावर आपल्या लोकांना गोठ्यामागं बसवायचे, आणि वाढणारा लांबूनच पानात टाकायचा.

"अरे, काय करून बसलो मी हे!" तो मोठ्यानं म्हणाला. "दोन पंगती! आणि त्याही बाबासाहेबांच्या जयंतीला!"

अध्यक्ष उत्तमरावांनी चष्मा काढून उगाच पुसला. शरमेनं प्रफुल्लचे कान तापले होते. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी त्याचा ऊर अभिमानानं भरून आला होता. एवढ्या लोकांत पोरीनं बापाला चूक दाखवली, आणि बापाचा पाणउतारा होऊ दिला नाही. कुठं शिकली ही असं बोलायला?

"मग तूच सांग, कसं करायचं?" त्यानं विचारलं.

"मी एकटीनं ठरवलं तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? सगळ्यांना विचारा ना."

मग काय, जो तो बोलायला लागला. गुडघेदुखीची म्हातारी मंडळी बोलली. एका वेल्डरनं चाचरत सांगितलं, की त्यांना शिफ्टला वेळेवर पोचावं लागतं, गेल्या वर्षी ते उपाशीच गेले होते. हे प्रफुल्लला माहीतच नव्हतं. शेवटी नंदा उठली. "आम्हाला एकदा गरम जेवू द्या," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. वादावादी झाली, दोघं तिघं रुसलेसुद्धा. पण ठरलं, की पंगत एकच, आणि वाढायला मॅनेजर लोकांनी उभं राहायचं. एरवी मीटिंग लांबली की प्रफुल्लचा जीव नुसता खालीवर व्हायचा. आज तो एकेकाचं ऐकून घेत होता.

घरी परतताना तिघं इमारतीखालच्या बाकावर जरा टेकली.

"उद्या कळवून टाक तुझा तो विषय," प्रफुल्ल म्हणाला. "फी मी भरतो."

"आणि नोकरी नाही मिळाली तर?"

"भीती वाटते गं मला, खोटं कशाला बोलू? पण तू हेच शिक. आपल्यात कोणीतरी हे शिकलेलं असायला हवं."

एकतानं त्याचा हात घट्ट धरला. तो संकोचत म्हणाला, "तुमच्या त्या वर्गात बाहेरच्या माणसाला बसू देतात का? मी मध्ये बोलणार नाही. गुपचूप मागच्या बाकावर बसेन."

एकता उत्तर देणार, तेवढ्यात नंदा ताडकन म्हणाली, "मागं कशाला? चांगलं पुढं बसा!"