कणगीतलं बाळंतपण

मी कणगी बोलतेय. धान्याची कणगी. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षी आमच्या घरातल्या माणसांना आणि मांजरांना त्याचा पार विसर पडला होता. माझ्यात ज्वारी ठेवतात. पिलं ठेवत नाहीत.

तुमच्या घरी मांजर व्यायला झाली तर तुम्ही तिला एखादी फुटकी पाटी द्याल, पोत्याचा तुकडा द्याल. आमच्या घरी तिला मला दिलं.

पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आमचं गाव. सहादेवने मला विणलं. तुरीच्या काठ्या घेऊन तो ओट्यावर विणत बसला होता आणि त्याची बायको लंकाबाई शेजारी शेणमाती कालवत होती. आतून-बाहेरून जाड लिंपण, खाली टेकायला चार दगड, वर सारवलेलं झाकण, आणि बुडाशी दाणे काढायला एक छोटं तोंड, त्यात चिंध्यांचा बोळा. माणसाच्या छातीएवढी मी उंच आहे. दर दिवाळीच्या आधी लंकाबाई मला नव्याने सारवायची आणि माझ्या अंगाला भेग पडली तर अशी हळहळायची, की तिलाच लागलं असावं.

सहादेवला एक नाद होता. ज्वारी उभी असताना तो शेतात फिरून टपोरी कणसं हेरायचा आणि प्रत्येकाला लुगड्याची एक चिंधी बांधायचा. खुडणीच्या वेळी चिंधीची कणसं वेगळी निघत. त्यांचे दाणे राख आणि कडुलिंबाचा पाला घालून माझ्यात येत, ते पुढच्या पेरणीचं बी. सहादेव गेल्यावर लंकाबाई चिंध्या बांधायला लागली. असं पंचवीस वर्षं निवडत आणलेलं बी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. स्वतःच्या पोटातल्या वस्तूचं कौतुक करू नये म्हणतात, पण दुसरं कोण करणार?

मग पाऊस गेला. एका साली कमी पडला, बहात्तर साली पडलाच नाही. बैल चारा-छावणीत गेले. लंकाबाईचा मुलगा पुंजाराम आणि सून बायडाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. त्यांची नऊ वर्षांची मुलगी कडू शाळेत जायची, ती मुख्यतः तिथे मूठ-मूठ मिळणाऱ्या सुकडीच्या गोड पिठासाठी. माझ्यातले खायचे दाणे संपले. बुडाशी राहिलं ते पाच पायल्या बी.

घरात रेशनची मिलो आली. लाल, टणक, परक्या मुलखातली ज्वारी. तिची भाकरी परातीतच मोडायची आणि बायडाबाई रोज तिला शिव्या द्यायची. मिलो पत्र्याच्या डब्यात ठेवली. माझ्यात घातली नाही, तेवढी माझी अब्रू राखली.

शिमगा झाला आणि मिलोही यायची थांबली. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. नवव्या दिवशी सकाळी पुंजारामने रिकाम्या डब्यात हात फिरवला आणि म्हणाला, "उद्या कनगीतली काढू."

लंकाबाई भिंतीला टेकून बसली होती. "त्यो बियाचा दाना हाय, पुंजा."

"बी पाऊस पडल्यावर लागतंय. पोटाला आज लागतंय."

"तुज्या बापानं एवढी वरसं निवडून निवडून..."

"आई, तू गप बस. तुला काय कळत न्हाई."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. बायडाबाईने हातोडी उचलली आणि खाली मान घालून कामावर निघाली. पुंजाराम वाईट माणूस नव्हे. पण भुकेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि म्हातारीशी तर कुणी वाद घालायचेही कष्ट घेत नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते. माझं ओरडणं कुणाला ऐकू जातंय?

घरात कबरी नावाची मांजर होती. तिचे दिवस भरले होते आणि दोन दिवस ती कोपरे हुंगत फिरत होती. दुपारी घरात कुणी नाही असं पाहून लंकाबाई उठली. तिने माझ्याजवळ पाट ठेवला, त्यावर चढून माझं झाकण काढलं, आणि आपलं जुनं लुगडं घडी करून माझ्यात बियावर अंथरलं. मला वाटलं, बी झाकून ठेवतेय. शहाणी बाई. तोवर तिने कबरीला उचललं आणि वाकून अलगद माझ्यात सोडलं.

म्हातारीचं डोकं फिरलं, मला दुसरं काही सुचेना. उपासाने फिरतं. दिवेलागणीला माझ्या पोटात चार पिलं चूंचूं करत होती.

सकाळी पुंजाराम पाटी घेऊन आला. बी किती उरलंय ते बघायला झाकण उचलून त्याने हात आत घातला आणि झटक्यात बाहेर काढला. कबरीने मनगटावर तीन ओरखडे काढले होते.

"ही हितं कशी आली?"

"व्याली ती," लंकाबाई म्हणाली. "बाळंतीन हाय. बारा दिस हात लावायचा न्हाई. जितं सोयर हाय, तितला दाना चुलीवर चढत नसतो."

"मांजराची कसली सोयर, आई?"

"बाळंतीन ती बाळंतीन. बायडे, तू सांग. तुज्या बाळंतपनात कुनी तुला उठवून खालचं जोंधळं काढलं आसतं तर?"

बायडाबाईने माझ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, आवो. बारा दिस. मी शेजारच्या भागूबाईकडून हुलगं आनते."

पुंजाराम पाटी आपटून गेला. जी बाई काल बियाबद्दल बोलली तेव्हा गप बसवली होती, तिचंच मांजराच्या बाबतीत मुकाट्याने ऐकलं. माणसांचं हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

ते बारा दिवस सांगण्यासारखे नव्हते. मूठभर हुलग्यांचं पातळ माडगं, कसला कसला पाला. म्हातारी आपल्या वाटणीतलं अर्धं कडूच्या ताटात सरकवायची, आणि उरलेल्यातला घास कबरीला टाकायची. दारच्या शेळीचं थेंबभर दूध निघे, त्यातही कबरीचा वाटा. मला संताप यायचा. घरात लेकरू उपाशी, आणि हिला मांजराचा पुळका.

अकराव्या दिवशी मिलो आली. बाराव्या दिवशी कडूने पिलांचं बारसं घातलं. लाल पिलू मिलो. किडमिडीत पिवळी ती सुकडी. करड्या ठिपक्यांची ती खडी. आणि चौथा गलेलठ्ठ बोका सगळ्यांच्या अंगावर पाय देऊन नुसता बघत बसायचा, म्हणून तो मुकादम. पुंजारामसुद्धा हसला. मी हसले नाही. बारा दिवस झाले, आता निघा, असं माझं म्हणणं होतं.

ती निघाली नाहीत. त्यांना पाय फुटले.

आता माझे हाल ऐका. कबरीला ये-जा करता यावी म्हणून म्हातारी माझं झाकण कायम अर्धं उघडं ठेवायची. सुकडी आणि खडी माझ्या अंगावरून चढायच्या, नखांनी सारवणाच्या खपल्या काढायच्या आणि वर पोचल्या की झाकणावरून एकमेकींना ढकलायच्या. मिलोला माझ्या बुडाच्या बोळ्याची लोंबती चिंधी सापडली. रोज सकाळी तो तिच्याशी कुस्ती खेळे. एकदा त्याने बोळाच उपटला आणि माझे पांढरेशुभ्र दाणे भुईवर धारेने पडायला लागले. मुकादम त्या धारेखाली पंजा धरून बसला. कडू "आजे, आजे" करत आली, पोरीने माझ्या बुडाच्या तोंडाला तळहात लावला, आणि म्हातारीने गुडघे धरत धरत एकेक दाणा वेचला. बोळा बसवून वरून शेण थापलं. मिलोने ते शेण वाळायच्या आत उकरलं.

घरातली माणसं हे सगळं बघून सुखावायची, याचा मला जास्त राग. दिवसभर खडी फोडून बायडाबाई यायची, हाताला फोड, डोळ्यांत धूळ. पाणी पिऊन ती भिंतीशी बसली की चौघं तिच्या पदरात घुसायची आणि ती खुदकन हसायची. त्या साली त्या घरात दुसऱ्या कशाने कुणी हसल्याचं मला आठवत नाही. हे मान्य करते, पण माझ्या सारवणाचं काय?

मांजर पिलांना सात घरं दाखवते, हे तुम्हाला माहीत असेलच. मी त्या दिवसाची वाट बघत होते. एके दिवशी कबरीने मुकादमला मानेला धरलं आणि भागूबाईच्या घरी नेलं, मग खडीला, मग उरलेल्या दोघांना. माझं पोट रिकामं झालं. काय शांतता होती! दुपारी लंकाबाई काठी टेकत गेली आणि चारही पिलं ओच्यात घालून परत आली. पुन्हा माझ्यातच. कबरीने चार वेळा घर बदललं आणि म्हातारीने चार वेळा उन्हातान्हात जाऊन पिलं परत आणली. शेवटी मांजरच कंटाळली.

वैशाखात रेशनची मिलो पुन्हा थांबली. या खेपेला पुंजारामने कुणाला विचारलं नाही. माझं बुडाचं तोंड म्हातारीने एव्हाना पक्कं लिंपून टाकलं होतं, म्हणून त्याने पिलं उचलून कडूच्या हातात दिली, लुगडं ओढून काढलं आणि माझ्यात डोकं घातलं. लगेच बाहेर काढलं.

"आरारारा."

दोन महिने चार पिलं आणि त्यांची आई माझ्यात नांदली होती. वास काय फुलांचा येणार?

बायडाबाईने ओंजळभर दाणे काढून नाकाशी नेले आणि परत टाकले. "ह्याची भाकर मी थापनार न्हाई. उपाशी मरंन, पन न्हाई."

लंकाबाई पुढे आली. पाटावर चढून तिने हात माझ्यात खोल, पार कोपरापर्यंत खुपसला. मूठ वर आली ती मी पाहिली. दाणे स्वच्छ होते, राखेत लोळलेले, सहादेवच्या वेळेसारखे टपोरे. नासला होता तो वरचा दोन बोटांचा थर. म्हातारीने मूठ उघडून बघितली, कुणाला दाखवली नाही, परत आत सोडली.

"समदं नासलं," ती म्हणाली.

खोटं! धडधडीत खोटं! पंचवीस वर्षांत माझ्या पोटातला एक दाणा किडला नव्हता, आणि ही माझी अशी बदनामी करतेय. मी इतकी चिडले, की सुकडी अंगावर चढत होती तेही मला कळलं नाही.

पुंजाराम कपाळाला हात लावून बसला. मग तो उठला आणि दोन गावं पलीकडे नव्या तलावाच्या कामावर गेला. चौथ्या दिवशी डोक्यावर मिलोचं गाठोडं घेऊन आला. ते चार दिवस लंकाबाईने कडूकडे डोळे वर करून बघितलं नाही. पोर झोपली की तिच्या पायांवरून हात फिरवत बसायची.

त्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, बैल छावणीतून परत आले. नवरात्र आलं. लंकाबाईने घट बसवला, भोवती काळी माती पसरली, आणि माझ्यातली मूठभर ज्वारी तिच्यात पेरली. तिसऱ्या माळेला कोंब दिसले, पाचव्या माळेला बोट-बोट उंच, दाट, एकही जागा मोकळी नाही.

पुंजाराम घटासमोर उकिडवा बसला. गावात निम्म्या घरांनी बी खाऊन टाकलं होतं आणि तोही आठ दिवस बियासाठी वणवण फिरत होता.

"आई, हे बी कुटलं?"

"कनगीतलं."

"समदं नासलं हुतं ना?"

"खायला नासलं हुतं," लंकाबाई म्हणाली.

बायडाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दारात अंग चाटत बसलेल्या कबरीकडे. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी?" लंकाबाईने वात पुढे सारली. पुंजारामने तळहात हलकेच कोंबांवरून फिरवला. मग म्हणाला, "पेरनीची पाभर जोडतो," आणि आईकडे न बघता बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी बायडाबाईने पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली आणि चार पायल्या बी रानात गेलं.

दिवाळीच्या आधी लंकाबाई मला सारवायला बसली. नखांचे ओरखडे बुजवत बुजवत ती शेजारी पसरलेल्या कबरीशी बोलत होती. "तुजं बाळंतपन म्हनून ऐकलं गं बाई त्यांनी. माजं कोन ऐकत हुतं?"

तेव्हा मला सगळं कळलं, आणि लाज वाटली. इतके महिने मी तिला खुळी म्हटलं होतं. पुंजाराम एकदाच म्हणाला होता, तुला काय कळत नाही. मी रोज म्हणत होते. आणि ती माझ्याच पोटातलं राखत होती, अर्धपोटी राहून, नातीच्या भुकेचा दोष स्वतःवर घेऊन.

आता मी भरलेली आहे. खुडणीच्या आधी या खेपेला पुंजाराम स्वतः आईला घेऊन शेतात गेला. ती कणीस दाखवायची, तो चिंधी बांधायचा. ती ज्वारी माझ्यात आहे, आणि वरची वीतभर जागा रिकामी सोडलेली आहे. त्या जागेत घडी केलेलं लुगडं आहे. सुकडीचे दिवस भरत आलेत आणि कालपासून ती माझ्याभोवती हुंगत फिरतेय. मी डोळे मिटून घेतलेत.

माझी तुमच्याकडे एवढीच विनंती. घरातली म्हातारी काही सांगत असेल तर ती पहिल्यांदा सांगेल तेव्हाच ऐका. नाहीतर तिला मांजर उचलून आणावी लागते, आणि निस्तरावं मला लागतं.