गुणी लेकरू

डॉक्टरांनी जुईलीच्या तळपायावर टिचकी मारली. लेकरू रडलं नाही. त्यांनी दुसरी मारली, जरा जोरात. जुईलीने सावकाश डोळे उघडले, जीभ ओठांबाहेर आली ती तशीच राहिली, आणि बऱ्याच वेळाने एक घोगरा आवाज निघाला. अडीच महिन्यांच्या पोरीचा तो आवाज वाटेना.

“नेहमी असंच रडते?”

“रडतच नाई ना, डॉक्टरसाहेब,” गोदाबाई कौतुकाने म्हणाल्या. “दूध पेली का झोपली. रातभर कोनाले उठवत नाई. असं गुनी लेकरू आमच्या खानदानीत झालं नाई.”

गोदाबाई म्हणजे जुईलीची आजी, आईची आई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माधवी सातव्या महिन्यातच अमरावतीहून अकोल्याला आली होती. नवरा रविकांत सुट्टी पाहून येई. आजही तो सकाळच्या गाडीने आला होता आणि बायकोच्या खुर्चीमागे उभा होता.

डॉक्टरांनी बाळाची फुगलेली बेंबी दाबून पाहिली, कोरडी कातडी चिमटीत धरली, शी किती दिवसांनी होते ते विचारलं. मग म्हणाले, “जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं असेल. थायरॉइडचा रिपोर्ट कुठे आहे?”

“घेतलं होतं. पन त्याचं आमाले कोनी काई सांगतलं नाई,” गोदाबाई म्हणाल्या.

रविकांत भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहू लागला.

त्याला फोन आला होता. जुईली सहा दिवसांची असताना. गोदाबाईंनीच प्रसूतीच्या दवाखान्यात फॉर्मवर त्याचा नंबर लिहायला लावला होता. लेकरू जावयाच्या घरचं, तिथे माहेरच्यांचा नंबर शोभत नाही, असा त्यांचा खाक्या. फोन आला तेव्हा तो अमरावतीच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. काचेखाली कोंबडीच्या गर्भातल्या मेंदूच्या पेशी होत्या. सात वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. वाढत्या मेंदूच्या पेशीला नुसतं अन्न पुरत नाही, हे तो पोरांना दरवर्षी शिकवी. थायरॉइडचा रस पोचला तर ती फांद्या फोडते, शेजारणीला हात देते. नाही पोचला तर खुरटते, आणि काही तर स्वतःहून मिटून जातात. पोरं वहीत उतरवून घेत. विभागात त्याच्याइतकं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोनवरची बाई म्हणाली होती, “सर, बाळाचा टीएसएच वाढलेला आहे, थायरॉइड कमी असू शकतं. पुन्हा रक्त तपासावं लागेल.”

“रक्त पहिल्याच दिवशी घेतलंय ना? मग वाढलेला येणारच,” तो म्हणाला होता. वर तिला कारणही समजावून सांगितलं होतं. जणू तिचीच परीक्षा होती.

“तरी पन करून घ्या सर, लवकर.”

“करतो.”

त्याने खरंच ठरवलं होतं. पण माधवीचे टाके ओले होते, तिला कशाला घाबरवायचं? बारशाला जाऊ तेव्हा बघू. बारशाला गेला, तर पाळण्याभोवती बायकांचा गलका, आणि जुईली त्यात ढाराढूर. जो तो म्हणाला, मास्तरांच्या नशिबाने शांत लेकरू आलं. त्याला ते आवडलं. इतकं आवडलं की रक्ताचं मनातून पुसूनच गेलं. मधे दोनदा अनोळखी नंबर वाजला होता. तेव्हा तो परीक्षेच्या ड्युटीवर होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते असं.

“रक्त आज घेतो,” डॉक्टर म्हणाले. “पण रिपोर्टची वाट बघू नका. उद्या सकाळपासून थायरॉइडची गोळी सुरू. आईच्या दुधात कुस्करून, चमच्याने. एक दिवसही चुकवायची नाही.”

“मग चांगली होईल ना?” माधवीने विचारलं.

“वाढ सुधारेल. अंगावरची सूज, जीभ, सगळं उतरेल.” त्यांनी बाळाची टाळू चाचपली. “मेंदूचं आत्ता सांगता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली असती, तर फार काळजी नव्हती. तो पहिला रिपोर्ट तेवढा आणून द्या. फाइलला लागेल.”

रिक्षात बसल्यावर माधवीने नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, तुमी तर हेच शिकवता ना? त्या पेशींले औषध मागून देल्लं तर होतात का बऱ्या?”

हाही प्रयोग त्याने केला होता. पहिल्या दिवशी त्या रसाचा थेंब दिलेल्या पेशींच्या बशा आणि दहाव्या दिवशी दिलेल्या बशा शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले होते. त्या फोटोंवर त्याला परिषदेत टाळ्या पडल्या होत्या.

“काही होतात,” तो म्हणाला.

“काही म्हंजे किती?”

“ते... प्रत्येक वेळी वेगळं असतं.”

माधवीने पदर तोंडाला लावला. मग एकदम आईवर उलटली. “तू मनत होतीस ना, गुनी हाय, गुनी हाय! मी मनलं नव्हतं का, हे लेकरू थंडगार लागते म्हनून? तू माह्यं आयकलं नाई.”

“चुकलं माय माह्यं,” गोदाबाई म्हणाल्या. “चार लेकरं वाढवली, पन मले नाई समजलं.”

त्या वेळी बोलायला हवं होतं. रविकांतने घसा खाकरला आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

प्रसूतीचा दवाखाना दोन चौक पुढे होता. माधवी लेकराला घेऊन रिक्षातच बसली. आत खिडकीशी आरती नावाची परिचारिका होती. गोदाबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

“काहून वं, आमच्या लेकराचा रिपोर्ट तसाच दाबून ठेवला का तुमी? एक फोन नाई करता आला?”

आरतीने वाद घातला नाही. रजिस्टर काढलं, पान उलटलं, बोट ठेवून वाचलं. “मावशी, सहाव्या दिवशीच फोन केला होता. हे पाहा. अकरा चाळीस. वडिलांशी बोलणे झाले, पुन्हा तपासणी करून घेतो म्हणाले. नंतर दोनदा लावला, तं उचलला नाई.”

गोदाबाईंनी चष्मा पुसून ते पान स्वतः वाचलं. नंबरही वाचला, एकेक आकडा करत. आरतीने रिपोर्टची प्रत दिली ती घेतली आणि पायऱ्यांपर्यंत आल्या. रविकांत मागे होता.

“आई, मला वाटलं की पहिल्या दिवसाचं रक्त म्हणून...”

“तुमी तं याच्यातलेच शिकेल ना, जवाईबापू?”



गोदाबाई पायरीवर उभ्या राहून रिक्षाकडे पाहत राहिल्या. आत माधवी मान खाली घालून लेकराचे तळवे चोळत होती, ऊब यावी म्हणून. आता त्या माधवीला सांगतील, आणि सांगावंच, असं रविकांतला वाटत होतं. आणि न सांगोत, असंही.

“काय मनलं त्यायनं?” दोघं रिक्षाजवळ येताच माधवीने विचारलं. “फोन केला होता?”

“केला होता,” गोदाबाई म्हणाल्या. “मलेच आला होता. तुह्या बाळंतपनाच्या गडबडीत मी इसरली.”

रविकांतने तोंड उघडलं. गोदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या रिक्षात चढल्या, पदर सावरला आणि रोजच्या सवयीने लेकरासाठी हात पसरले.

माधवीने जुईलीला उराशी घट्ट ओढून घेतलं. आईकडे पाठ केली.

“अहो, तुमी धरा हिले,” ती म्हणाली. “आजपासून आईच्या हातात द्याची नाई.”

रविकांतने लेकरू घेतलं. रिक्षावाल्याने कुठे जायचं ते विचारलं, तेव्हा पत्ता गोदाबाईंनीच सांगितला.