मोकळ्या गावातला शिंपी

गाव उघडलं त्या दिवशी पहिला बळी खुद्द मालकांनी घेतला. दुसऱ्याच वळणावर एक फूलवाली टोपलीसकट त्यांच्या गाडीखाली आली आणि मालक म्हणाले, "अरे वा, टोपलीसुद्धा खरी वाटते."

मालकांना कचेरीत सगळे भावोजी म्हणत. वास्तविक ते एकट्या टायरबुवांचे भावोजी, त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण टायरबुवा त्यांना दिवसभर भावोजी म्हणून भांडत, आणि ऐकून ऐकून हिशेबनिसापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना तीच सवय लागली होती. टायरबुवांचं खरं नाव काय ते पगाराच्या दिवशीच आठवायचं. या गृहस्थाने उमेदीची सगळी वर्षं रबराचं चाक डांबरावर कधी, कसं आणि किती घसरतं एवढ्याच गोष्टीत घालवली होती, आणि त्यातून दोघांनी मिळून शर्यतीचा एक खेळ उभा केला होता. पडद्यासमोर खुर्ची, पायाशी पेडलं, हाताशी मोटर बसवलेलं स्टिअरिंग. गाडी खऱ्यासारखी रुसायची, खऱ्यासारखी घसरायची. जाणकार म्हणत की हा खेळ नव्हे, व्रत आहे. व्रतं करणारी माणसं जगात थोडी, हेच भावोजींचं दुखणं होतं.

गिऱ्हाइकं कळवायची की शर्यतीचा मार्ग उत्तम आहे, पण त्याच त्याच वर्तुळात किती फिरायचं? आम्हाला गाडी घेऊन सहज बाहेर पडायचंय. एखादं गाव द्या, मोकळं, वाटेल तिकडे वळता येईल असं.

टायरबुवांचं म्हणणं, शर्यतीचा मार्ग हा चुकणाऱ्या माणसासाठी बांधलेला असतो. वळणापलीकडे वाळू असते, भिंतीला टायर बांधलेले असतात, डॉक्टर बूट घालून तयार बसलेला असतो. गावातला रस्ता कुणीतरी दुकान थाटण्यासाठी बांधलेला असतो. तिथे आपली गाडी सोडणं म्हणजे भाजी चिरायला तलवार देणं.

"लोकांना शर्यत नकोय रे," भावोजी म्हणाले. "लोकांना फिरायचंय."

"फिरायचंय तर बाहेर रस्ता पडलाय."

"बाहेर ट्रॅफिक आहे."

तेवढ्यावर गाव मंजूर झालं.

गाव बांधायचं काम ज्या बाईकडे आलं तिचं नाव कचेरीने नगरपालिका ठेवलं, कारण रस्ते, गटारं, दिवे, सगळं तिच्याच हातात. खऱ्या नगरपालिकेपेक्षा ती बरीच मेहनती होती. कल्पनेतलं गाव रचण्यापेक्षा तिने कचेरीखालचाच रस्ता जसाच्या तसा उचलला: फोटो काढले, फीत लावून पायऱ्या मोजल्या, उखडलेली फरशी उखडलेलीच ठेवली. कोपऱ्यावर एक शिंपी होता. दुकानात उजेड कमी म्हणून तो दिवसभर पायरीखाली स्टूल टाकून काजं करत बसायचा. तोही गावात आला, स्टुलासकट.

फूलवालीनंतर भावोजींनी आणखी दोघांना आडवं केलं आणि खुर्ची हिशेबनिसाला दिली. हिशेबनीस आयुष्यात कधी कुणाला अरे म्हणाला नव्हता. त्याने बसथांब्यावरची अख्खी रांग नेली. मग रांग खुर्चीसमोर लागली. टायरबुवांनी चाकाखाली येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन वर्षानुवर्षं इमानाने खरं ठेवलं होतं, आणि आता त्या वस्तूंत माणूसही आला होता. त्यामुळे माणसं बाहुल्यांसारखी उडत नव्हती. ती आधी गुडघ्यात मोडत, मग बॉनेटवर आपटत, काचेला खड्डा पाडत आणि पलीकडे पडून थोडी हलत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गावात शिंप्याखेरीज कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे मिळून शिंप्याच्या मागे लागले. नगरपालिका मोरीत जाऊन ओकून आली आणि तोंड पुसत म्हणाली, रस्ता धुवायचं माझ्याकडे नाही हं.

धुवायची गरजच नव्हती. स्टिअरिंगवर उजव्या अंगठ्याशी एक बटण होतं. दाबलं की गाडी कोरी, रस्ता कोरा, शिंपी स्टुलावर.

टायरबुवा म्हणाले, हे आजच्या आज बंद. भावोजी म्हणाले, बंद कशाला, माणसं जरा रबराची करू, गाडीही थोडी मऊ करू, आपटली की उडेल, मजा येईल. मऊ हा शब्द ऐकल्यावर टायरबुवांनी काय केलं ते त्यांना स्वतःला नंतर नीट सांगता आलं नाही. लोखंडी पेडलांचा जोड भावोजींच्या भुवईवर बसला एवढं खरं. भावोजींनी मेहुण्याला कॉलर धरून पडद्यात घातलं. काच तडकली. नात्याने साला होताच, आता शिवी म्हणूनही झाला. दोघे जमिनीवर लोळत असताना ताईला फोन गेला. तिने येऊन एकाच कापसाच्या गुंडाळीतून भावाला आणि नवऱ्याला पट्ट्या बांधल्या आणि निकाल दिला: गाव राहील, आणि गाडीला कुणी मऊ करणार नाही. एकेक गोष्ट दोघांना. लहान मुलांत खेळणी वाटावीत तसं.

टायरबुवांनी निकाल मानला, पण त्याचा सूडही उगवला. गाडी खरी राहणार ना? मग पूर्ण खरी राहू द्या. त्यांनी स्टिअरिंगच्या मोटरचा जोर शेवटपर्यंत उघडला. भिंतीवर आदळलात तर चाक हातातून असं फिरायचं की भिंत मनगटापर्यंत कळावी. दोन-चार अंगठे मोडले की गाव आपोआप बंद पडेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पहिला अंगठा हिशेबनिसाचा गेला, सुकी काडी मोडावी तसा आवाज करून. मग भावोजींचं मनगट सुजलं. गाव मात्र बंद पडलं नाही. माणूस मार खाऊन शहाणा होतो, फक्त ज्या दिशेने व्हावा त्या दिशेने होत नाही. लोक मारायचे थांबले नाहीत, आपटण्याआधी हात सोडायला शिकले. भिंत आली की दोन्ही हात काढून छातीशी घट्ट, थंडी वाजल्यासारखे. शर्यतीतले खरे गाडीवानही तसंच करतात, त्यामुळे हे शिकणं सगळ्यांना मोठं तज्ज्ञपणाचं वाटलं.

सगळ्यांत पक्के शिकले टायरबुवा. त्यांनी शिंप्याचा कोपरा धरला होता. तिथे बोळातून एक स्कूटर अचानक पुढे येई. तिला चुकवायला डावीकडे वळावं तर समोर शिंपी, मग लगेच चाक अर्धा फेरा उलट. हा कोपरा वेगात निघूच शकत नाही हे भावोजींना दाखवून द्यायला टायरबुवा तिथे रोज मुद्दाम नापास होत. डावीकडे वळायचे, हात सोडायचे, छातीशी घ्यायचे. धाड. अंगठा बटणावर. शिंपी स्टुलावर. पुन्हा. वाद जिंकायच्या नादात आपले हात काय पाठ करतायत इकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

एका दुपारी भावोजींच्या मनगटाला पट्टी, म्हणून त्यांची गाडी टायरबुवा चालवत होते. दोघे भांडतच कचेरीतून निघाले. भावोजी म्हणत होते की गाव पुढच्या महिन्यात बाजारात जाणार. टायरबुवा म्हणत होते की आधी तो कोपरा बघा, माणूस वाचूच शकत नाही. वेग काही फार नव्हता. बोळातून स्कूटर आली, खरी, मागे दुधाचे क्रेट बांधलेली. टायरबुवांनी चाक डावीकडे घेतलं. स्कूटर वाचली. आता अर्धा फेरा उलट, एवढंच राहिलं होतं, आणि तेवढा वेळही होता.

समोर भिंत दिसली, पायरी दिसली, स्टुलावर शिंपी दिसला. टायरबुवांनी दोन्ही हात सोडले आणि छातीशी घेतले.

स्टूल आधी गेलं. मग पायरी आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये शिंप्याचा पाय आला आणि तो जो आवाज झाला तो खेळात नव्हता, तेवढं खरं कुणालाच करता आलं नव्हतं. भावोजींचं तोंड पुढच्या फळीवर आपटलं आणि दोन दात मांडीवर पडले. शिंप्याच्या हातातली पँट काचेवर पसरली होती. हॉर्न अडकून वाजत राहिला. आणि टायरबुवांचा उजवा अंगठा छातीवरून खाली आला, स्टिअरिंगवर गेला आणि बटण शोधू लागला. एकदा चाचपलं. दोनदा. भावोजींनी रक्ताळल्या तोंडाने ते बघितलं आणि त्या अंगठ्यावरून नजर काढली नाही.

लोकांनी दार उघडून टायरबुवांना बाहेर ओढलं. इस्त्रीच्या दुकानातल्या माणसाने पहिली कानाखाली दिली, बाकीच्यांनी लाथा घातल्या. टायरबुवांनी डोकं वाचवायला हात वर करायला हवे होते. ते छातीशीच राहिले. लोकांना वाटलं, माजोरडा दिसतो, हाताची घडी घालून मार खातोय, म्हणून आणखी पडला. भावोजी मध्ये पडून सांगू लागले की मारू नका, माझा मेहुणा आहे. तेव्हा नात्याखातर त्यांनाही दोन बसल्या.

शिंप्याच्या पायात सळया घातल्या. टायरबुवांच्या तीन बरगड्या गेल्या. ते कचेरीत परतले त्या दिवशी भावोजी, दातांच्या जागी फट घेऊन, त्यांच्यासमोर बसले. "तू जिंकलास. गाव बंद," एवढंच म्हणाले. नगरपालिकेने शिंप्याला आधीच गावातून पुसून टाकलं होतं, उरलं होतं फक्त रिकामं स्टूल. जिंकलेल्या माणसाने निदान चहा तरी प्यावा, तोही टायरबुवांनी घेतला नाही, कारण कप धरायला हात पुढे केले की ते परत छातीकडे पळत.

नगरपालिकेला हे सगळं पोटात ठेववेना. ती शिंप्याला भेटायला जाऊन सगळं सांगून आली. परिणामी एके सकाळी शिंपी कुबड्यांवर जिना चढून कचेरीत आला. भावोजींनी खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही.

"मी आत आहे म्हणे," तो म्हणाला.

नगरपालिकेने त्याला परत गावात बसवून दाखवलं. शिंप्याने स्वतःला बराच वेळ पाहिलं. सुई उजव्या हातात दिलीत, मी डावरा आहे, एवढी एक तक्रार त्याने केली. मग टायरबुवांकडे वळला.

"किती वेळा मारलंत मला?"

टायरबुवा म्हणाले, मोजलं नाही.

"वाचवलंत किती वेळा?"

ते मोजावं लागलं नाही.

भावोजी हात जोडून सांगू लागले की काका, ते गाव आम्ही बंद केलंय, तुम्हालाही काढून टाकलं होतं. शिंपी भडकला. "मी माझ्या दारात बसलो होतो. मला काय म्हणून काढता?" त्याने कुबडी उचलून खुर्चीवर ठोकली. "बसा. मी स्टुलावर आहे. मला चुकवून गाडी काढून दाखवा."

टायरबुवा बसले. भावोजी घाईघाईने मोटरचा जोर कमी करायला धावले, तेव्हा टायरबुवा म्हणाले, "राहू द्या, भावोजी. तो मीच उघडलाय."

पहिल्या खेपेला स्कूटर आली आणि हात सुटले. शिंपी शेजारी उभा राहून स्वतःला मरताना बघत होता. दुसऱ्या खेपेला सुटले. तिसऱ्या खेपेला शिंप्याने दात ओठ खाऊन टायरबुवांच्या मांडीवर कुबडी हाणली, जनावराला हाणतात तशी. चौथ्या खेपेला हाणायच्या आधीच हात सुटले आणि टायरबुवा रडायला लागले. नगरपालिका म्हणाली, पुरे करा. शिंपी म्हणाला, माझं पुरं झालेलं नाही.

पुढच्या खेपेला स्कूटर आली. चाक डावीकडे गेलं. पायरी दिसली, स्टूल दिसलं, सुई धरलेला हात दिसला. टायरबुवांची कोपरं छातीकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली. त्यांच्या घशातून बैलासारखा एक आवाज निघाला, बोटं चाकावर परत आली आणि त्यांनी अर्धा फेरा उलट दिला. गाडीचं शेपूट फिरलं, स्टूल हातभर अंतराने सुटलं, आणि समोर दिव्याचा खांब आला. आता हात सोडायला हरकत नव्हती. पण सोडायचे की धरायचे एवढा विवेक त्या हातांत उरला नव्हता, ते धरूनच राहिले. मोटरने पूर्ण जोराने चाक फिरवलं. मनगट आधी उलटं झालं, मग त्याचं हाड कातडीखालून वर आलं, आणि टायरबुवा खुर्चीतून खाली घसरले.

पडद्यावर गाडीच्या पुढच्या भागाचा चुराडा झाला होता. खांब वाकला होता. स्कूटरवाला पाय टेकून उभा होता. शिंपी स्टुलावर काज करत होता.

भावोजींचा हात सवयीने बटणाकडे गेला. खऱ्या शिंप्याने त्या हातावर कुबडी ठेवली.

"राहू द्या तसंच."

"म्हणजे काका, गाव ठेवायचं म्हणता?"

"गाव ठेवा. बटण काढा."

भावोजी म्हणाले, बटण नसलेला खेळ कोण घेईल? शिंपी म्हणाला, ते तुमचं तुम्ही बघा. टायरबुवा जमिनीवर मनगट पोटाशी धरून पडले होते. "काढतो," ते म्हणाले. भावोजींनी तोंड उघडलं, दातांच्या फटीतून नुसती हवा गेली.

ताई आली. तिने या खेपेला कापूस आणला नव्हता, लागेल तेवढा कापूस घरात नव्हताच. भावाचा हात तिने ओढणीने गळ्यात बांधला, दवाखान्यात न्यायला हवं म्हणाली आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या. भावोजींनी किल्ल्यांकडे पाहिलं. टायरबुवांनी पाहिलं. शिंप्याने पाहिलं.

"जवळच आहे," भावोजी म्हणाले.

मग ते चौघे जिना उतरून, शिंप्याच्या कुबड्यांच्या चालीने, रस्त्याच्या अगदी कडेकडेने चालत गेले.